भारत-नेपाळ सीमा खुली आहे, तरी व्यापार, मजूर, सुरक्षा आणि वीज यांवरून वाद का होतात? सीमा बंद करून व्हिसा लावला तर प्रश्न सुटेल का?

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर द्यावंसं वाटलं. मी रत्नागिरी तालुक्यात हापूसची बाग करतो. आमच्याकडे बागेची राखण कित्येक वर्षं नेपाळी कुटुंबंच करतात. त्यामुळे मजुरांची बाजू रोजच्या व्यवहारातून कळते, आणि बाकीच्या तीन बाजू त्याच निमित्ताने वाचत गेलो. उत्तर लांबेल, पण थोडक्यात सांगण्यासारखा हा विषय नाही.

आधी माझं मत सांगतो. सीमा खुली ठेवणारा करार १९५० सालचा आहे. पण आजचा कारभार चालतो तो ओळखपत्र, केवायसी, उत्पत्तीचा दाखला (माल कुठल्या देशात तयार झाला याचा), भांडवल कुठून आलं याची चौकशी, अशा कागदांवर. या दोन्हींची सांगड घालायचं काम दिल्लीनेही केलं नाही आणि काठमांडूनेही नाही. त्यामुळे ज्याला कागद रंगवता येतात त्याला खुल्या सीमेचा पुरेपूर फायदा मिळतो, आणि ज्याच्याकडे कागद नाहीत तो दोन्हीकडून नाडला जातो.

३१ जुलै १९५० च्या शांतता व मैत्री कराराचं सातवं कलम असं आहे की एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापारधंदा करण्याची आणि फिरण्याची तिथल्या नागरिकासारखीच मोकळीक असावी. सुमारे १,७५१ किलोमीटरची सीमा, आपल्याकडची पाच राज्यं तिला लागून, आणि दोन्ही बाजूंना सोयरीक असलेली गावं. बिहारमधल्या रक्सौलचा माणूस पलीकडे वीरगंजला बाजाराला जातो, तिकडची मुलगी इकडे सून म्हणून येते. हे तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं, हे आताच सांगून ठेवतो.

आता मजुरांचं. कोकणात पाऊस ओसरला की नेपाळी कुटुंबं यायला लागतात. बागेची साफसफाई, मोहोरावरच्या फवारण्या, फळ धरल्यावर वानरांपासून आणि चोरांपासून राखण, मग काढणी, पेट्या भरणं. मृग लागायच्या आत परत. मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटींवरही खलाशी म्हणून त्यांचीच संख्या मोठी. स्थानिक पोरं मुंबईला गेली, राखणीसाठी माणूस मिळेना, तेव्हा ही पोकळी त्यांनी भरून काढली. आमच्या भागातला कुठलाही बागायतदार हे कबूल करेल.

आमच्याकडे कैलाली जिल्ह्यातलं एक जोडपं येतं. त्यांचा प्रवास म्हणजे आधी मुंबई, मग लखनऊ, तिथून बसने सीमेपर्यंत आणि पायी पलीकडे. हंगामाची सगळी कमाई अंगावर. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटा बाद ठरवल्या. त्याच्या मागे नोटाबंदीचा राग होता. नेपाळच्या बँकांत आणि लोकांच्या घरांत अडकलेल्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटा बदलून देण्यावर दोन देशांत तोडगाच निघाला नव्हता. त्यानंतरच्या हंगामांत माणसं निघायच्या आदल्या दिवशी शंभराच्या नोटा गोळा करायला मी बाजारातली दुकानं पालथी घातली आहेत. ती बाई परकराच्या आतून कापडी खिसा शिवते आणि त्यात पुडकी बसवते. वाटेत लुटणारे भेटतात, चहातून गुंगी देणारे भेटतात, आणि तपासणीच्या नावाखाली शे-दोनशे मागणारेही भेटतात. रेल्वेच्या डब्यात रात्रभर एकाने जागायचं, एकाने झोपायचं, असं ते करतात.

बँकेने का पाठवत नाही, असं तुम्ही विचाराल. पाठवता येतं. भारत-नेपाळ रक्कम पाठवण्याची योजना २००८ पासून आहे. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने एका वेळची मर्यादा पन्नास हजारांवरून दोन लाखांवर नेली. खातं नसलेल्या माणसालाही रोख भरून पन्नास हजारांपर्यंत पाठवता येतात, वर्षातून बारा वेळा. कागदावर चांगली योजना आहे. पण मी त्या माणसाला घेऊन आमच्या जवळच्या एका बँक शाखेत गेलो, तेव्हा काउंटरवर ही योजना कुणाला ठाऊकच नव्हती. त्याच्याकडे नेपाळी नागरिकतेचा दाखला होता, तो हातात धरून तो उभा होता, आणि कर्मचारी त्याच्याकडे आधार आणि पॅन मागत होता. शेवटी पैसे खिशातूनच गेले.

याहून वाईट गोष्ट अपघाताची. नेपाळचा माणूस कतारला किंवा मलेशियाला जातो तेव्हा त्याला आपल्या सरकारकडून श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशात कामाला जाण्याची परवानगी, घ्यावी लागते. त्यासोबत विमा येतो, कल्याण कोषात नाव लागतं, परदेशात मृत्यू झाला तर घरच्यांना काही मदत मिळते. भारतात येणाऱ्याला अशी स्वीकृती लागत नाही, कारण सीमा खुली. स्वीकृती नाही म्हणून तो विमा नाही, कोषही नाही. गंमत करण्याची ही गोष्ट नाही. दुबईत मचाणावरून पडलेल्या नेपाळी माणसाच्या मागे निदान एक फाइल असते, आंब्याच्या झाडावरून पडलेल्याच्या मागे काहीच नसतं.

आपल्या बाजूने पाहिलं तर भविष्य निर्वाह निधीत परदेशी कामगारांसाठी वेगळे नियम आहेत, आणि १९५० च्या करारामुळे नेपाळी नागरिकांना त्यातून वगळून भारतीय कामगारच धरलं जातं. म्हणजे कराराचा मान ठेवणारी तरतूद आपल्या कायद्यात आहे. कारखान्यात पगारपत्रकावर असलेल्या माणसाला तिचा उपयोगही होतो. पण बागेत, बोटीवर, हॉटेलच्या भटारखान्यात, सोसायटीच्या गेटवर काम करणाऱ्याचं नाव कुठल्याच पगारपत्रकावर नसतं. रेशन नाही, कामगार मंडळाची मदत नाही. मुलं सहा-आठ महिने इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतात, कारण मास्तर भले असतात. पण जूनमध्ये तिकडे गेली की पुन्हा पहिल्यापासून.

उलट बाजूही आहे. बिहार, उत्तर प्रदेशातले असंख्य लोक नेपाळात काम करतात, धंदे करतात. १९८७ मध्ये नेपाळने भारतीयांना काठमांडू खोऱ्यात कामासाठी परवाना सक्तीचा केला. मग चीनकडून शस्त्रखरेदी झाली. मार्च १९८९ मध्ये व्यापाराचे आणि पारगमनाचे (नेपाळचा माल भारतातून ने-आण करण्याचे) करार संपले, तेव्हा भारताने दोन नाकी सोडून बाकीची बंद केली. मजुराचा परवाना, शस्त्रं आणि रॉकेलची टंचाई हे सगळं एकाच भांडणात आलं. तुम्ही जे चार विषय वेगळे मांडलेत ते नेपाळच्या बाबतीत कधीच वेगळे राहत नाहीत, असं मी म्हणतो ते यासाठी.

व्यापाराबद्दल लिहायचं तर मला आंबा सोडून लातूर-वाशिमच्या सोयाबीनकडे यावं लागेल. नेपाळचा माल भारतात बहुतांशी शुल्काशिवाय येतो. भूवेष्टित, लहान अर्थव्यवस्था, त्यांना एवढी सवलत द्यायलाच हवी. पण सोयाबीन तेलाचं पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं: कच्च्या तेलावर एकूण २७.५ टक्के, शुद्ध केलेल्यावर ३५.७५ टक्के. तेव्हा सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल आणि मराठवाडा-विदर्भातल्या बाजार समित्यांत शेतकरी त्याच्या बऱ्याच खाली माल टाकून घरी जात होता. शुल्क वाढलं आणि नेपाळातून येणाऱ्या शुद्ध सोयाबीन तेलाचा लोंढा सुरू झाला. नेपाळात एवढं सोयाबीन पिकत नाही. कच्चं तेल येतं समुद्रापलीकडून, बहुतेक कोलकाता-हल्दिया बंदरांतून, आपल्याच रस्त्याने आणि रेल्वेने पारगमनात नेपाळच्या कारखान्यात जातं, तिथे शुद्ध होतं आणि शून्य शुल्काने परत आपल्या बाजारात येतं. बघता बघता सोयाबीन तेल नेपाळच्या निर्यातीत पहिल्या क्रमांकावर गेलं. आपल्या तेल उद्योगाच्या संघटनांनी केंद्राकडे तक्रारी केल्या की मूल्यवर्धनाचे नियम, म्हणजे मालाच्या किमतीतला ठरावीक वाटा नेपाळातच तयार व्हावा ही अट, पाळले जातात का, ते तपासा.

हे पहिल्यांदा झालेलं नाही, आणि म्हणूनच मला राग येतो. १९९६ च्या व्यापार करारात भारताने अटी ढिल्या केल्या आणि काही वर्षांत नेपाळी वनस्पती तुपाने उत्तर भारत भरून गेला. २००२ मध्ये करार नव्याने करताना वनस्पतीवर वर्षाला एक लाख टनांची मर्यादा आली, तांब्याच्या वस्तू, अ‍ॅक्रिलिक धागा, झिंक ऑक्साईड यांवरही मर्यादा आल्या, तीस टक्के मूल्यवर्धनाची अट आली. म्हणजे रोग माहीत होता, औषध माहीत होतं. वीस वर्षांनी तेच घडत असताना सीमेवरचा कागद मात्र 'उत्पत्ती नेपाळ' असं सांगतो आणि टँकर पुढे जातो.

यात नेपाळच्या शेतकऱ्याच्या हाती काय लागलं? काहीच नाही. तिथल्या आल्याला, वेलचीला, चहाला आपल्या नाक्यावर तपासणीसाठी थांबून राहावं लागतं. नमुना लांबच्या प्रयोगशाळेत जातो, अहवाल येईपर्यंत नाशवंत माल ट्रकमध्ये. नाशिकचा द्राक्ष बागायतदार युरोपच्या तपासणीबद्दल जे बोलतो, तेच तिकडचा आलं पिकवणारा आपल्याबद्दल बोलतो. फरक एवढाच की द्राक्षाची प्रयोगशाळा आपण जवळ उभी केली, त्यांच्यासाठी मात्र सीमेवर ती पुरेशी झाली नाही. खरा शेतमाल अडतो आणि परक्याचं तेल सुटतं, याला धोरण कसं म्हणायचं?

सुरक्षेची काळजी खोटी नाही. डिसेंबर १९९९ मध्ये अपहरण झालेलं आयसी-८१४ विमान काठमांडूहूनच निघालं होतं. २०१३ मध्ये इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचा यासीन भटकळ सापडला तो नेपाळ सीमेजवळ. बनावट नोटा, मुलींची तस्करी, सोनं, हे सगळं या वाटेने चालतं. २००१ पासून सशस्त्र सीमा बल तिथे आहे. पण एवढ्या लांब, शेतातून आणि नदीपात्रातून जाणाऱ्या सीमेवर जवान प्रत्येक पायवाट राखू शकत नाही, आणि रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंदच नसेल तर त्याने ओळखायचं कुणाला? इकडे आमच्या पोलीस ठाण्यात आम्ही नेपाळी माणसांची नावं, फोटो देतो. बागायतदाराने हे करायलाच हवं. मात्र त्या माणसाला स्वतःच्या बाजूने दाखवायला काही मिळत नाही. कुठे चोरी झाली की पहिली चौकशी नेपाळ्याची, आणि आपण चार वर्षं एकाच बागेत राबलो हे सांगायला त्याच्याकडे चिठोरंही नसतं.

सुरक्षेतच गोरखा भरती येते. १९४७ च्या भारत-नेपाळ-ब्रिटन त्रिपक्षीय करारापासून नेपाळची मुलं आपल्या सैन्यात येत होती. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली: चार वर्षांची नोकरी, त्यातल्या पंचवीस टक्क्यांनाच पुढे संधी. नेपाळचं म्हणणं, १९४७ च्या करारात हे बसत नाही आणि आम्हाला विचारलंही नाही. भरती थांबली. मला हे फार मोठं नुकसान वाटतं. डोंगरातल्या गावागावांत पेन्शन घेणारा एक निवृत्त हवालदार असतो, आणि भारताबद्दल चांगलं बोलणारा तो तिथला पहिला माणूस असतो. ही माणसं पुढच्या पिढीत नसतील, तर ती जागा कोण घेईल हे दिल्लीला सांगायची गरज नाही. त्यात २०२० मध्ये भारताने लिपुलेख खिंडीकडे नेलेला रस्ता आणि तो भाग आपला दाखवणारा नेपाळचा नवा नकाशा आला. तो वाद अजून तसाच आहे.

ऊर्जेकडे येतो. इथे मात्र आशेला जागा आहे.

२०१५ मध्ये नेपाळची राज्यघटना आली, भारताला लागून असलेल्या सपाटीवरच्या मधेशी भागात आंदोलन पेटलं आणि सीमेवरची वाहतूक काही महिने ठप्प झाली. नेपाळ म्हणतो भारताने नाकेबंदी केली, भारत म्हणतो आंदोलकांनी वाट अडवली. काहीही म्हणा, भूकंपातून जेमतेम उभ्या राहणाऱ्या देशात पेट्रोलचं रेशनिंग झालं, गॅसचे सिलिंडर अर्धे भरून वाटले गेले, लोकांनी काठमांडूत चुली पेटवल्या. ती आठवण तिथे ताजी आहे. २०१६ मध्ये त्यांनी चीनशी पारगमनाचा करार केला तो त्यामुळेच. त्यानंतर भारताने एक चांगलं काम केलं: मोतिहारी ते अमलेखगंज ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. टँकरची रांग, गळती, चोरी, यातलं बरंच कमी झालं. तेल तरीही आपल्याकडूनच जातं, म्हणजे अवलंबून राहणं संपलेलं नाही.

विजेत उलटं आहे. एके काळी हिवाळ्यात दिवसाला सोळा-अठरा तास अंधारात बसणारा नेपाळ आता पावसाळ्यात वीज विकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना आपल्या वीज बाजारात, जिथे उद्याची वीज आज विकली जाते, पहिल्यांदा ३९ मेगावॅट विकायची परवानगी मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत दहा हजार मेगावॅट घेण्याचा करार झाला. आणि १५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची ४० मेगावॅट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात पोचली. आकडा किरकोळ, पण तीन देशांनी एका तारेवर सही केली ही साधी गोष्ट नाही.

अडचण कुठे आहे? आपल्या नियमांनुसार, आपल्याला जमिनीवरून लागून असलेल्या आणि ज्याच्याशी वीज सहकार्याचा करार नाही अशा तिसऱ्या देशाचं भांडवल ज्या प्रकल्पात असेल, त्याची वीज आपण घेत नाही. नाव न घेता हे चीनबद्दल आहे. भारताने सावध राहणं मला पटतं. पण नेपाळी बाजू म्हणते की चिनी कंत्राटदाराने नुसतं बांधकाम केलेला प्रकल्पही अडकतो, आणि मंजुरी एकेका प्रकल्पाला, ठरावीक मुदतीची मिळते. पुढच्या वर्षी वीज विकता येईल का हेच माहीत नसेल, तर नवं धरण बांधायला पैसा कोण घालेल? भांडवल आणि नुसतं बांधकामाचं कंत्राट यांत फरक करायला हवा, आणि मंजुरी लांब मुदतीची हवी. पाण्याचा जुना सलही आहे. कोसी (१९५४) आणि गंडक (१९५९) करारांत आपण फसलो, असं नेपाळात सर्रास मानलं जातं. १९९६ च्या महाकाली करारातलं पंचेश्वर धरण आजही कागदावरच आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: सीमा बंद करून व्हिसा लावला तर? २०२० च्या मार्चमध्ये सीमा खरोखरच बंद झाली होती. धारचुलाजवळ काही नेपाळी तरुणांनी घरी पोचायला सीमेवरच्या महाकाली नदीत उड्या टाकल्या. आमच्याकडे ऐन काढणीत माणसं अडकली, आई आजारी असल्याचा फोन यायचा आणि जायला वाट नाही. तस्कर त्या काळातही थांबले नाहीत. व्हिसा लावला तर दूतावासाच्या रांगेत तो राखणदार उभा राहील, आणि ज्याला लपून यायचं आहे तो भातशेतीतून येईल.

त्यापेक्षा नोंद हवी. दोन्ही सरकारांनी २०१६ मध्ये चार-चार जणांचा एक मान्यवर गट नेमला होता. भारताच्या बाजूने प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. नेपाळकडून भेख बहादुर थापा. १९५० च्या करारापासून व्यापार-पाण्यापर्यंत सगळ्यावर त्यांनी २०१८ मध्ये एकमताने अहवाल तयार केला. तो अधिकृतपणे स्वीकारलाच गेला नाही. आधी तो स्वीकारावा, प्रसिद्ध करावा, मग पटत नसेल ते खोडावं.

आणि नाक्यावर, येताना-जाताना, मोफत एक नोंद व्हावी: नागरिकतेचा दाखला दाखवायचा, क्रमांक घ्यायचा. तोच क्रमांक आमच्या पोलीस ठाण्याने मानावा, बँकेने पैसे पाठवताना मानावा, शाळेने मुलाचं नाव घालताना मानावा, आणि नेपाळच्या कल्याण कोषानेही मानावा, म्हणजे भारतात कामाला गेलेला माणूसही त्यांच्या हिशेबात येईल. विम्याच्या हप्त्यातला वाटा आम्ही मालकांनी द्यावा. आमच्या भागातल्या बागायतदारांशी मी बोललो आहे. माणसामागे हंगामाला थोडी रक्कम द्यायला बहुतेकांची तयारी आहे. ती भरायची कुठे आणि कुठल्या नावाने, एवढंच सांगणारं कुणी नाही.